खाज येते का?

बाबांचा चेहरा इतका हळूहळू बदलला की माय रोज समोर असूनही तिच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, कारण मी अमरावतीत नोकरीला आणि गाव मूर्तिजापूर तालुक्यात. दोन-तीन महिन्यांनी चक्कर व्हायची. एका पोळ्याला गेलो तर कपाळाची कातडी जाड झालेली, आठ्या नांगराच्या तासासारख्या खोल, कानाच्या पाळ्या सुजलेल्या, मान काळवंडलेली. बैल सजवताना ते मधेमधे मानेला हात लावत होते.

त्याआधी दोन वर्षं घरात वांगं बंद होतं. वऱ्हाडात वांगं बंद म्हणजे काय ते इथलाच माणूस जाणे. दही बंद, तूरडाळ कमी. कोणी म्हणे उष्णता, कोणी म्हणे रक्त बिघडलं. गावातल्या एका डॉक्टरचं इंजेक्शन घेतलं की आठ दिवस एकदम बरं वाटायचं आणि मग दुप्पट उठायचं. मेडिकलमधून सांगून आणलेल्या मलमाचंही तेच. त्यात स्टेरॉइड होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

त्या पोळ्याला रात्री ओट्यावर बाबांनी हळूच विचारलं, “तपोवन कुठी हाय रे अमरावतीले? दूर पडते का स्टँडावरून?”

तपोवन म्हणजे डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरोग्यांसाठी उभारलेली वसाहत. वऱ्हाडात हे नाव कोणी सहज विचारत नाही. मग एकेक गोष्ट उलगडली. दाढी करायला घरी येणारा माणूस चार महिन्यांपासून आला नव्हता. एका लग्नात त्यांना पंगतीच्या शेवटी बसवलं होतं. कोणी तोंडावर काही बोललं नव्हतं. बाबांनी मायलाही सांगितलं नव्हतं, पण स्वतःचं ताट-पेला ते स्वतःच घासून वेगळं ठेवू लागले होते. माय समजली होती की यांना म्हातारपणी कामाची हौस आली.

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन आलो आणि अमरावतीत एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी डोळे मिटायला लावले, कापसाचा बोळा कपाळाला टेकवला. “कळलं का?” “कळलं.” असं पाच-सहा ठिकाणी. मग विचारलं, “खाज येते का?”

बाबा चिडलेच. “खाज? साहेब, रातभर डोळ्याले डोळा नाही लागत! अंग सोलून फेकावं वाटते.”

“मग घाबरू नका. त्या रोगाचा चट्टा बधिर असतो, असा खाजत नाही.”

बाबा काही बोलले नाहीत. दुपट्ट्यानं तोंड पुसत बसले, बराच वेळ.

डॉक्टरांनी नंतर हनुवटीखाली, कानामागे, पापण्यांवर पाहिलं. म्हणाले, इथं ऊन पोचत नाही, पण हवेतली धूळ पोचते. पाठीवर काही पट्ट्या चिकटवून दोन दिवस ठेवल्या. काढल्यावर एका जागी लालभडक होऊन फोड आले होते. ती पट्टी गाजरगवताची.

गाजरगवत म्हणजे आपलं काँग्रेस. मूळचं अमेरिका खंडातलं. भारतात 1955च्या सुमारास पुण्यात दिसल्याची नोंद आहे, आणि अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर आलं असं म्हणतात. एकेका झाडाला हजारोंनी बिया. पावसाळ्यात धुरे, रस्त्याच्या कडा, पडीत वावर, सगळं पांढरं होतं. त्याच्या पानाफुलांवरच्या बारीक लवेत पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. झाड वाळलं तरी ती लव धुळीत मिसळून उडते. म्हणजे उपटणारालाच बाधतं असं नाही, नुसतं जवळून जाणारालाही बाधू शकतं.

बाबांचा प्रश्न साधा होता. “तीस वर्षं हातानं उपटलं. तवा काही नाही झालं, आताच काहून?”

ॲलर्जी अशीच असते, हे मलाही तेव्हाच समजलं. पहिल्या भेटीत ती होत नाही. शरीरातल्या संरक्षक पेशी आधी त्या द्रव्याला शत्रू म्हणून ओळखायला शिकतात. त्याला काही दिवस लागतात, काहींच्या बाबतीत कित्येक वर्षं. एकदा शिकल्या की सहसा विसरत नाहीत. परागकणांनी शिंका येतात त्या काही मिनिटांत, म्हणून कारण लगेच सापडतं. बाबांच्या प्रकारात अंग उठतं एक-दोन दिवसांनी. सोमवारी धुरा साफ केला, बुधवारी खाज सुटली. आणि बुधवारी जेवणात काय होतं? वांगं.

औषधं सुरू झाली, त्यांवर रक्ताच्या तपासण्या आल्या. पूर्ण बाह्यांचा सदरा, बाहेरून आलं की आंघोळ, कपडे वेगळे धुणं. आणि सगळ्यात कठीण पथ्य म्हणजे पावसाळ्यात वावरात जायचं नाही. कपाशी डवरणीला आली असताना शेतकऱ्याला हे सांगणं सोपं नव्हतं. शेवटी सहा एकर बटईनं दिलं. शेवंतीही त्याच कुळातली निघाली, म्हणून दसऱ्याचा हार आता माय करते. वांगं मात्र त्याच आठवड्यात परत सुरू झालं.

पावसाळ्यात बाबा माझ्याकडे येतात. आमच्या अपार्टमेंटमागे मोकळा प्लॉट आहे, तिथंही काँग्रेस माजलेलं. नगरसेवकाला दोनदा सांगून झालं. मीच मग हातमोजे घालून, फुलं यायच्या आधी, जमेल तितकं उपटतो. बाबा वरून खिडकीच्या बंद काचेतून पाहतात आणि कुठं राहिलं ते बोटानं दाखवतात.

मागच्या श्रावणात झाडांवर पिवळसर, तपकिरी पट्ट्यांचे भुंगे दिसले. मेक्सिकोतून आणलेले हे भुंगे 1984 मध्ये बंगळूरकडे सोडले होते, तिथून ते पसरत गेले. पानं खाऊन झाडाची चाळण करतात, पाऊस सरला की मातीत शिरतात. एक भुंगा काचेच्या बरणीत घालून वर नेला. बाबांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

“किती खाते हा दिवसाले?” त्यांनी विचारलं. मग म्हणाले, “सोड त्याले खाली. कामाचा गडी हाय.”