एकास पस्तीस

मोठी वस्तु लहान करून हातांत धरावी, ही मनुष्याची हौस फार जुनी आहे. मुलींची भातुकली, देव्हाऱ्यांतला वीतभर पाळणा, सावंतवाडीच्या चितारआळींतलीं लांकडी खेळणीं आणि दिवाळींत अंगणाच्या कोपऱ्यांत उभा राहणारा मातीचा किल्ला, हीं सारीं त्याच हौसेचीं लेकरें. त्यांच्या पंगतीला आणखी एक पाहुणा बसवावा अशी आमची इच्छा आहे. तो परदेशी आहे, अंगानें प्लॅस्टिकचा आहे आणि वयानें शंभरीच्या आंतला आहे. आम्ही रणगाड्यांच्या लहान प्रतिकृति जोडतों, रंगवितों आणि त्यांच्याशेजारीं अंगठ्याएवढे शिपाई उभे करतों. वेळणेश्वरासारख्या गांवीं, जेथें महादेवाचें देऊळ, चंद्रकोरीसारखी पुळण आणि माडांच्या बागा पाहावयास दुरून लोक येतात, तेथें केंस पिकूं लागलेल्या गृहस्थानें खिडकीशीं बसून चिमट्यानें रणगाड्याचीं चाकें जोडीत राहावें, हें पाहणाऱ्यांना थोडें चमत्कारिक वाटतें. 'हें कशासाठीं?' असा प्रश्न त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट उमटलेला असतो. तो प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर देणें आम्हांला प्राप्त आहे.

प्रथम या खेळाचें कुळ सांगतों. १९३६ सालीं इंग्लंडांत 'फ्रॉग' या कारखान्यानें 'पेंग्विन' या नांवाखालीं विमानांचे संच विकावयास काढले. सुटे भाग जुळवून प्लॅस्टिकचें विमान करावयाचे संच ते हेच पहिले. त्यांचें प्रमाण एकास बहात्तर. या प्रमाणांत सहा फूट उंचीचा मनुष्य बरोबर एक इंचाचा होतो. म्हणजे फूट-इंचांच्या राज्यांत तें हिशेबाला सोईचें होतें. रणगाड्यांचें एकास पस्तीस हें प्रमाण मात्र कोणत्याच मोजपट्टींत नीट बसत नाहीं, आणि त्याची जन्मकथा मोठी मौजेची आहे. जपानांतील शिझुओका शहरीं तामिया नांवाचा कारखाना आहे. त्यानें १९६० नंतर लवकरच जर्मनांच्या 'पँथर' रणगाड्याची प्रतिकृति काढली. ती चालती व्हावी म्हणून तिच्या पोटांत मोटर आणि बॅटरीचे दोन सेल बसवावयाचे होते. सेल मावतील एवढें पोट ठेविलें. मागाहून मोजून पाहतां तो रणगाडा मूळच्या सुमारें पस्तिसाव्या हिश्श्याचा भरला. पुढचे रणगाडे त्याच मापाचे निघत गेले आणि तेंच प्रमाण जगभर रूढ झालें. पुष्कळदां नियम म्हणून आपण ज्याच्यापुढें मान लववितों, त्याच्या मुळाशीं अशी दोन सेलांची अडचण असते!

संचाची पेटी उघडली कीं, फांदीला कैऱ्या लगडाव्या तसे बारीक चौकटींना लगडलेले शेंकडों भाग बाहेर पडतात. ते एकेक कापून काढावे, सांध्याची रेघ पॉलिश पेपरनें घासून घालवावी आणि मग चिकटवावे. 'चिकटविणें' हा शब्दही येथें तितकासा खरा नव्हे. ज्या पातळ द्रवानें हें काम होतें तो प्लॅस्टिकला क्षणभर विरघळवितो. दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकींत मिसळतात आणि द्रव उडून गेला कीं त्या एकजीव होतात. लोहार दोन लोखंडें तापवून एक करतो, त्यांतलाच हा प्रकार, फक्त भट्टीवांचून. नंतर रंग. तोही जसाचा तसा देऊन भागत नाहीं. हातभर अंतरावरून पाहिलेली प्रतिकृति म्हणजे पस्तीस हातांवरून पाहिलेली मूळ वस्तु. आणि मधल्या हवेमुळें दूरचा रंग नेहमींच किंचित् फिका दिसतो. म्हणून मूळचा गडद हिरवा आम्हांला जरा उजळ करून घ्यावा लागतो. निव्वळ काळा आणि निव्वळ पांढरा हे रंग तर शक्य तों टाळावे लागतात. मग काळपट तपकिरी रंग अगदीं पातळ करून सोडला कीं तो खांचाखोंचांत उतरतो, आणि जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरविला कीं कडा उठून दिसतात. उजेड आणि सावली हींही अशीं हातानें रंगवावीं लागतात.

कोंकणची हवा या उद्योगाची अर्धी वैरी आणि अर्धी गुरु आहे. पावसाळ्यांत ती पाण्यानें इतकी जड होते कीं, शेवटचें मंद वार्निस सुकतां सुकतां त्यावर दुधासारखी साय धरते आणि महिन्याची मेहनत धुक्यांत बुडते. म्हणून पावसांत आम्ही नुसतें जोडकाम करतों व रंगाचें काम दिवाळीनंतर काढतों. शेताप्रमाणें आमच्या टेबलालाही हंगाम आहेत. उलट, गंज पाहावा तर तो याच किनाऱ्यावर. खारा वारा खिडकीचे गज, बिजागऱ्या, कडीकोयंडे कांहीं सोडीत नाहीं. ताजा गंज नारिंगी असतो, जुना काळसर तपकिरी होतो. खिळ्याखालून पावसाबरोबर उतरणारा त्याचा ओघळ वर दाट आणि खालीं विरळ असतो. हें शिकावयास आम्हांला ओटीवरून उठावें लागत नाहीं. पण ही विद्या जपून वापरावी लागते. पलटणीच्या चालत्या रणगाड्याची शिपाई नित्य निगा राखतात. तो गंजत पडलेला नसतो. धुराची नळी तापून तिचा रंग जळतो व ती गंजते हें खरें, परंतु पोलादी पट्ट्यांच्या जमिनीवर घासणाऱ्या कडा घासून लखलखीत झालेल्या असतात. तसाच चिखलाचा रंग. आमच्या अंगणांतली जांभ्याची तांबडी माती कितीही हाताशीं असली तरी पंजाबकडच्या गाळाच्या सपाट जमिनीवर लढलेल्या रणगाड्याला ती लावणें म्हणजे खोटी साक्ष देणें होय.

एवढें करूनही प्लॅस्टिक आपल्या परीनें खोटें बोलतेंच. मूळ रणगाड्याचा चिखल अडविणारा पत्रा दोनतीन मिलिमीटर जाडीचा; त्याचा पस्तिसावा हिस्सा म्हणजे जेमतेम कागद. एवढें पातळ प्लॅस्टिक साच्यांत भरतां येत नाहीं, म्हणून त्या कडा आम्ही कानशीनें झिजवून पातळ भासवितों.

आमच्या वाडींत एक वृद्ध गृहस्थ आहेत. तारुण्यांत ते पलटणींत होते; सर्व वाडी त्यांना तात्या म्हणते. आम्ही 'सेंच्युरियन' जातीचा रणगाडा पुरा करीत आणला होता तेव्हां ते ओटीवर येऊन बसले. तोफ, चाकें, पट्टे त्यांनीं निरखून पाहिले आणि विचारलें, "गाडी झकास झाली आहे. पण आंत बसणारीं माणसं केवढीं व्हायचीं, तें सांगा."

आम्हीं कागद-पेन्सिल घेतली. तोफेच्या नळीसकट मूळ रणगाडा पावणेदहा मीटरांहून थोडा अधिक लांब. प्रतिकृति २८ सेंटिमीटर. लांबी पस्तीस पटींनीं कमी झाली कीं वजन पस्तिसाच्या घनानें, म्हणजे ४२,८७५ पटींनीं कमी व्हावयास हवें. त्या हिशेबानें ५० टनांच्या आसपासचा हा रणगाडा बाराशें ग्रॅमांच्या जवळपास भरेल. त्याच हिशेबानें मनुष्य पांच सेंटिमीटर उंच आणि वजनानें दीड ग्रॅम; चिमूटभर तांदूळ! रणगाड्यांत माणसें चार: नायक, गोलंदाज, गोळा भरणारा आणि चालक. चौघे मिळून सहा ग्रॅम.

तात्या थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे बाराशें ग्रॅम लोखंड हलवायला सहा ग्रॅम माणूस. बरोबर आहे. आंत असंच वाटतं."

त्यांच्या या बोलण्यानें आमचें मन दिवाळीच्या किल्ल्याकडे वळलें. तो किल्ला ज्यानें बांधला नाहीं असा महाराष्ट्रीय मुलगा विरळा. दगडविटांवर चिखल थापावा, बुरूज उठवावे, उतारावर अळीव पेरावे, आणि वर सिंहासनावर महाराजांना बसवावें. त्या किल्ल्यांत महाराज बुरुजाहून उंच असतात, दारावरच्या मावळ्याला त्याच दारांतून आंत जातां येत नाहीं, आणि चार दिवसांत उगवलेला अळीव तोफेच्या डोक्यावरून जातो. मोजपट्टी घेऊन गेलें तर त्यांतलें एकही माप खरें ठरावयाचें नाहीं. तरी त्या मुलाला विचारा. तो सांगेल कीं महाराज मोठेच होते! त्याच्या किल्ल्यालाही प्रमाण आहे. फक्त तें मानाचें आहे. आमच्या टेबलावरचें प्रमाण मापाचें.

आपल्या भाषेंत 'प्रमाण' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक अर्थ हिस्सा, माप. दुसरा अर्थ पुरावा. नैयायिक ज्ञानाच्या साधनाला प्रमाण म्हणतात. हे दोन अर्थ एका शब्दांत नांदतात हें आम्हांला फार अर्थपूर्ण वाटतें. मानाचें प्रमाण वीराला मोठा करून दाखवितें. मापाचें प्रमाण त्याला त्याच्या खऱ्या उंचीचाच ठेवतें आणि त्याच्यासमोर संकट केवढें उभें होतें, याचा पुरावा देतें.

कोणता सेंच्युरियन आम्ही करीत होतों, तें आतां सांगतों. त्याचें नांव 'फामागुस्ता'. सायप्रस बेटावरच्या एका बंदराचें नांव तें. पुणें येथें १८१७ सालीं उभ्या राहिलेल्या आणि आजही 'पूना हॉर्स' हें नांव चालविणाऱ्या पलटणीचा हा रणगाडा. १६ डिसेंबर १९७१ रोजीं, बसंतर नदीच्या लढाईंत, जरपाल गांवाजवळ सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल त्यांत होते. जन्म पुण्याचा, शिक्षण खडकवासल्याच्या प्रबोधिनींतलें, वय २१, आणि पलटणींत येऊन सहाच महिने झालेले. रणगाड्याला आग लागली तेव्हां तो सोडून बाहेर पडावें असा त्यांना आदेश झाला. तोफ अद्याप चालते आहे, म्हणून त्यांनीं तो सोडण्याचें नाकारलें, आणि तेथेंच त्यांना वीरमरण आलें. मरणोत्तर परमवीरचक्र त्यांना मिळालें. तो रणगाडा नगर येथील आर्मर्ड कोअरच्या केंद्रांत जपून ठेविलेला आहे. त्या शहराला २०२४ पासून अहिल्यानगर म्हणतात. १९९४ पासून तेथें रणगाड्यांचें संग्रहालयही आहे, आणि ज्याला लोखंडाशेजारीं मनुष्य केवढा हें प्रत्यक्ष पाहावयाचें असेल त्यानें तेथें अवश्य जावें.

अशा रणगाड्याची प्रतिकृति कपाटांत ठेवणें शोभतें काय? एक तरुण जळून गेला, आणि आपण त्या यंत्राच्या कडा उजळीत बसतों, यांत कांहीं हलकेपणा नाहीं काय? हा प्रश्न आम्हीं स्वतःला पुष्कळदां विचारला आहे. कापसाला नारिंगी-काळा रंग देऊन ज्वाळा आणि धूर दाखविणारे कारागीर आहेत. त्यांच्या हातांत कसब असतें. आम्हीं तें केलें नाहीं. आग प्रमाणांत लहान होत नाहीं. ज्वाळा पस्तिसाव्या हिश्श्याची केली कीं ती निरांजनाची ज्योत होते. पाण्याचेंही तसेंच. येथल्या पुळणीवर लाट फुटते तेव्हां जे थेंब उडतात तेच थेंब कळशींतून सांडतात. थेंबाचा आकार पाण्याच्या ताणानें ठरतो, आमच्या मोजपट्टीनें नव्हे. म्हणून बशींतली लाट लाट दिसत नाहीं, आणि टेबलावरचा वणवा वणवा दिसत नाहीं. लोखंड लहान होतें, पत्रा लहान होतो. आग, पाणी आणि भीति हीं लहान होत नाहींत. मापाचा अभ्यास मन लावून केला कीं मापाबाहेर काय राहतें हें कळूं लागतें, आणि जें मापाबाहेर आहे त्याला हात न लावणें हा या कलेंतला विनय आहे. आमच्या रणगाड्याचीं झांकणें उघडीं आहेत, आणि चौघे बाहेर उभे आहेत. एकाच्या हातांत चहाचा पेला आहे. लढाई कोठेंच दिसत नाहीं. ज्याला फामागुस्ता हें नांव ठाऊक आहे, त्याला ती दिसल्यावांचून राहत नाहीं.

राहतां राहिला चेहरा. गणपतीच्या कारखान्यांत सगळे रंग झाल्यावर डोळ्यांची आखणी होते, आणि ती ज्याच्या हातीं असते त्याचा मान मोठा. आमच्या शिपायाचा डोळा एक मिलिमीटराहूनही लहान. नियमानें पाहतां तेथें गडद सावलीची एक रेघ ओढून थांबावें. कारण पस्तीस हातांवरून माणसाच्या डोळ्यांतलें पांढरें कोणाला दिसतें? हा युक्तिवाद बिनतोड आहे, आणि उत्तम कारागीर तो पाळतात. आम्हींही पट्ट्याच्या कडेपासून चहाच्या पेल्यापर्यंत मापाचाच शब्द मानला. पण त्या चौघांच्या डोळ्यांशीं आल्यावर आम्हीं भिंग घेतलें, सर्वांत बारीक ब्रशाचें टोंक ओलें केलें, आणि पांढऱ्यांत करड्याचा किंचित् अंश मिसळून आठही डोळे उघडले. मापाच्या दृष्टीनें ते डोळे चुकीचे आहेत. तरी दिवाळीच्या किल्ल्यावर महाराजांना बुरुजाहून उंच बसविणारा मुलगा कांहीं अगदींच अडाणी नव्हता, एवढें आम्ही त्याच्या वतीनें म्हणूं इच्छितों. 'हें कशासाठीं?' या प्रश्नाला आमचें उत्तर एवढेंच: बाकी सर्व मापानें करावें, म्हणजे मान कोठें द्यावयाचा हें आपोआप कळतें.