ओळीला क्रमांक

सरकारी टिपणीतील परिच्छेदांना क्रमांक नसते, तर आम्हा अधिकाऱ्यांना नेमका मतभेद नोंदविणेही कठीण झाले असते. लखनौस बदलून आल्यावर, गणिताचा ग्रंथ संगणकावर जुळविणाऱ्या एका स्नेह्यांशेजारी बसलो असता या गोष्टीचे महत्त्व मला नव्याने जाणवले.

नूथ यांच्या ‘टेक’वर लॅम्पोर्ट यांनी उभारलेल्या ‘लाटेक’ या प्रणालीत प्रत्येक ओळीतील समचिन्हाआधी एक खूण ठेवतात. मग सारी समचिन्हे एकाखाली एक उभी राहतात. क्रमांक हाताने घालावयाचा नसतो. ओळीला नाव द्यावे व मजकुरात त्याच नावाने तिचा उल्लेख करावा. मध्ये नवी ओळ शिरली, की (४क), (४ख) हे क्रमांक आणि त्यांचे उल्लेख आपोआप बदलतात.

यंत्र नवे, पण रांगेची शिस्त जुनी. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील बीजगणिताच्या परंपरेत समचिन्ह नाही. समीकरणाचे दोन पक्ष एकाखाली एक मांडतात:

या ५ रू ८
या ० रू ३३

‘या’ म्हणजे अज्ञात, ‘रू’ म्हणजे ज्ञात संख्या. खालच्या पक्षात अज्ञात नाही, तरी त्याची जागा मोडत नाही. तेथे शून्य बसते. म्हणूनच ३३ मधून ८ वजा जातात, २५ उरतात आणि अज्ञात ५ ठरते.

अशा प्राचीन मांडणीचे ग्रंथ या शहराला अपरिचित नाहीत. कृपाशंकर शुक्ल यांनी संपादिलेले श्रीधराचार्यांचे ‘पाटीगणित’ लखनौ विद्यापीठाने १९५९ साली प्रसिद्ध केले.

रांग विचाराला आधार देते, तर क्रमांक वाचकाला अधिकार देतो. थोर पंडिताने ‘हे उघडच आहे’ म्हणून पुढे जावे आणि एखाद्या नवशिक्याने नम्रपणे विचारावे, ‘(४ख) कशावरून?’ त्या प्रश्नाला उत्तर देणे मग पंडितालाही चुकत नाही.