आवर्ती खर्च कोणाचा?

शासकीय कामानिमित्त जबलपूरला जाणे झाले की एक संध्याकाळ ग्वारीघाटासाठी राखून ठेवायची, असा माझा अनेक वर्षांचा नेम आहे. काही जण त्याला गौरीघाटही म्हणतात. पलीकडच्या तीरावर गुरुद्वारा, अलीकडे पाण्यातच उभे असलेले नर्मदामातेचे लहानसे मंदिर, तिन्हीसांजेची आरती आणि पानांच्या द्रोणांतून प्रवाहात सोडलेले दिवे. जवळच ग्वारीघाटचे रेल्वे स्थानक आहे. नैनपूरकडे जाणारी छोट्या रुळांची गाडी येथून २०१५ सालापर्यंत धावत असे. आता त्या मार्गावर मोठी लाईन झाली आहे. हा प्रदेश १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता, त्यामुळे मराठी बोलणे या गावाला नवे नाही.

मागच्या खेपेस पायऱ्यांवर बसून मी बहिणीशी फोनवर बोलत होते. शेजारी दिव्यांचे द्रोण विकणाऱ्या बाईंनी ते ऐकले आणि फोन ठेवताच विचारले, "माताराम, परिक्रमेला निघालात का?" नर्मदेच्या काठाने हल्ली मराठी परिक्रमावासी इतके असतात की त्यांचा समज साहजिक होता. मी म्हटले, "नाही, सरकारी काम आहे. उद्या आरोग्यासंबंधी बैठक आहे." हे सर्व बोलणे अर्थातच हिंदीत.

आरोग्य हा शब्द ऐकून त्या जरा सावरून बसल्या. "मीही आरोग्याचे काम केले आहे," त्या म्हणाल्या. वीस-बावीस वर्षांपूर्वी त्या मंडला जिल्ह्यातील एका गावात राहत. परदेशी मदतीवर चालणाऱ्या एका प्रकल्पाने गावोगावच्या बायका निवडल्या, त्यांना शिकवले, पत्र्याची एक पेटी आणि एक वही दिली. पेटीत तापमापक, तापाच्या गोळ्या, जलसंजीवनीची पाकिटे, पट्ट्या. दरमहा थोडे मानधन. चार वर्षे हे चालले आणि मग एका महिन्यात जीप आलीच नाही. पुढच्या महिन्यातही नाही.

"पेटी रिकामी झाली," त्या म्हणाल्या, "पण रात्री दारावर थाप पडायची ती थांबली नाही."

दोन वर्षे त्यांनी पदरमोड करून बाजारातून गोळ्या आणल्या. एका पावसाळ्यात ओढ्याला पूर असताना शेजारणीने तापाने फणफणलेले मूल त्यांच्या ओट्यावर आणून ठेवले. पेटीत काही नव्हते. सकाळपर्यंत मूल राहिले नाही. "मला कोणी बोल लावला नाही. पण त्यानंतर कोणी थापही मारली नाही." पुढे मुलाबरोबर त्या जबलपूरला आल्या. मग त्यांनी सहज विचारावे तसे विचारले, "ते बंद कोणी केले, हे तुमच्या कागदांत लिहिलेले असते का हो?"

त्यांचा प्रकल्प मला ठाऊक नव्हता. मात्र त्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते, कारण तशा एका कागदावर माझी सही आहे.

२००१ साली मी दिल्लीत एका मंत्रालयात कनिष्ठ पातळीवरील अधिकारी होते. एका दुसऱ्याच राज्यातील परदेशी साहाय्याचा आरोग्य प्रकल्प माझ्या मेजावर आला. मुदत पाच वर्षांची. त्यात एक परिच्छेद असा होता की मुदत संपल्यावर गावातील आरोग्य कार्यकर्त्यांचे मानधन आणि औषधे यांचा खर्च राज्याच्या अर्थसंकल्पात घ्यावा. अर्थशास्त्राची पदवी ताजी होती आणि वित्तीय शिस्तीचा काळ होता. मी तो परिच्छेद वगळण्याची शिफारस केली. टिपणीत लिहिले की गाव स्वतः वर्गणी काढील, प्रकल्प कालांतराने स्वावलंबी होईल आणि शासनावर आवर्ती बोजा पडणार नाही. टिपणी नेटकी आहे, अशी शाबासकीही मिळाली. पाच वर्षांनंतर त्या गावांत काय झाले, याची चौकशी मी कधी केली नाही. माझी बदली झाली होती.

आंतरराष्ट्रीय भागीदारी या विषयावर आपण बोलतो तेव्हा निधी किती, तज्ज्ञ कोण, करारावर कोणाच्या सह्या, याचीच चर्चा होते. तिसरा भागीदार, म्हणजे ते गाव आणि त्या गावातील ती बाई, करारात बहुधा 'लाभार्थी' किंवा 'स्वयंसेवक' या नावाने येतो. आपल्या महाराष्ट्रातच याहून वेगळे घडले आहे, आणि जगाने ते पाहिले आहे.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे काम सुरू केले. दोघे वेल्लोरचे विद्यार्थी. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले. तेथे त्यांना कार्ल टेलर हे गुरू लाभले. टेलर यांचा जन्म मसुरीजवळचा, मिशनरी कुटुंबातला. जिनिव्हा येथील ख्रिश्चन मेडिकल कमिशनचे पाठबळ जामखेडला मिळाले. म्हणजे प्रारंभापासून हे काम आंतरराष्ट्रीय भागीदारीचेच होते. परंतु गावकऱ्यांनी आधी पाणी आणि अन्न मागितले, तेव्हा कामाचा क्रम त्यांच्या मागणीप्रमाणे बदलला. प्रशिक्षित परिचारिका खेड्यात ठेवण्याचा पहिला प्रयोग जमला नाही, तेव्हा गावातीलच स्त्रिया निवडल्या. त्यांतील अनेक जणी निरक्षर आणि दलित होत्या. बालमृत्यूचे प्रमाण १९७१ मध्ये हजारी १७६ होते. दोन-अडीच दशकांत ते तिसाच्या खाली आले.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली प्रकाशित केलेल्या, लोकांनी चालविलेल्या आरोग्यसेवेवरील ग्रंथात जामखेडवर एक प्रकरण होते. तीन वर्षांनी, सप्टेंबर १९७८ मध्ये, अल्मा-आता येथे १३४ देशांच्या प्रतिनिधींनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा स्वीकारला. त्यामागे जी थोडी प्रत्यक्ष उदाहरणे होती, त्यांत जामखेड होते. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जामखेडच्या मुक्ताबाई पोळ यांची हकीगत काही वाचकांना ठाऊक असेल. १९८८ साली वॉशिंग्टनच्या एका आरोग्य परिषदेत त्या बोलल्या. सभागृहातील झगमगत्या दिव्यांकडे बोट दाखवून त्यांनी सांगितले की हे सुंदर आहेत, पण महाग आणि आवाक्याबाहेरचे. मोठे डॉक्टर तसे. मग साध्या पणत्या दाखवून त्या म्हणाल्या की आम्ही अशा आहोत, एक पणती दुसरीला पेटवू शकते. हे उदाहरण सर्वत्र सांगितले जाते आणि ते खरेही आहे. मात्र सांगताना एक गोष्ट गळते. जामखेडच्या कार्यकर्त्यांना मोठे वेतन नव्हते, पण नियमित शिक्षण होते, पाठीशी रुग्णालय होते, आणि औषध संपले तर ते मिळण्याचे ठिकाण होते. पणती पणतीला पेटवते, परंतु तेल कोणीतरी घालावे लागते.

तेल कोण घालणार हे न ठरवता उभे केलेले काम कितीही शास्त्रशुद्ध असले तरी टिकत नाही. पंजाबातील नारंगवाल येथे याच टेलर यांच्या नेतृत्वाखाली साठच्या दशकात मोठे संशोधन झाले. भारत आणि अमेरिका यांचे संबंध बिघडल्यानंतर १९७४ साली ते आटोपते घ्यावे लागले. ज्ञान जगाला मिळाले. गावांना त्यातले किती उरले, हा वेगळा प्रश्न. उलट गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' स्थापन केली. तेही जॉन्स हॉपकिन्सचेच विद्यार्थी. ३९ गावांत त्यांनी गावातील स्त्रियांना नवजात बालकांची घरी काळजी घ्यायला शिकवले. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला, आणि १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. २०११ पासून ही पद्धत देशाच्या कार्यक्रमात आली. प्रयोगाला कायमचा धनी मिळाला, हे त्याचे खरे यश.

मंडल्याचेही एक उदाहरण आहे. जबलपूरला १९८४ पासून आदिवासी आरोग्यावर संशोधन करणारी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची संस्था आहे. ही परिषद, मध्य प्रदेश शासन आणि एका औषध कंपनीने स्थापन केलेले प्रतिष्ठान यांनी मिळून मंडला जिल्ह्यातील १,२३३ गावांत हिवताप निर्मूलनाचा प्रकल्प राबविला. २०१७ ते २०२० या काळात स्थानिक हिवताप ९१ टक्क्यांनी घटला. ही भागीदारी देशांतर्गत होती, परंतु नियम तोच. जेव्हा तपासणीची पट्टी आणि औषध गावातच वेळेवर मिळते, तेव्हा ताप ओट्यावर जीव घेत नाही.

२००५ सालच्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' आल्या. आज त्या दहा लाखांच्या आसपास आहेत. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. तरीही शासनाच्या लेखी त्या कर्मचारी नाहीत, मानधनावरील स्वयंसेविका आहेत. अर्थशास्त्रात 'फुकट' काही नसते, हे आम्हांला पहिल्या वर्षी शिकवतात. ज्या खर्चाची नोंद अर्थसंकल्पात होत नाही, तो कोणीतरी भरतच असतो. ग्वारीघाटच्या त्या बाईंनी तो दोन वर्षे गोळ्यांच्या रूपाने भरला. त्यांच्या शेजारणीने त्याहून जास्त.

म्हणून आता असा करार समोर आला की मी तीन गोष्टी पाहते. मुदत संपल्यानंतरच्या पहिल्या वर्षाचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली पडणार, हे लिहिले आहे का? गावाला प्रकल्पाचा क्रम बदलण्याचा अधिकार आहे का? आणि बंद करायचेच असेल, तर पेटी आणि वही कोणाच्या स्वाधीन करायची, हे ठरले आहे का? तिसरा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण बहुतेक करारांत त्याचे उत्तर नसते.

आपल्यापैकी अनेक जण महाराष्ट्राबाहेर किंवा परदेशी राहून गावाकडच्या आरोग्यकार्यास पैसे पाठवतात. ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतले आहे, त्यांची देणगी कायद्याने परकीय अंशदान ठरते आणि ती त्यासाठी नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते. भारतीय पारपत्र असलेल्यांची बँकेमार्फत आलेली देणगी तशी ठरत नाही. नियम पाळणे सोपे आहे. त्यापुढचा प्रश्न मात्र आपणच विचारायचा. इमारत, रुग्णवाहिका, यंत्र यांवर नाव कोरता येते. दर महिन्याच्या गोळ्यांवर येत नाही. तरीही शक्य असेल तर गोळ्यांसाठी द्यावे, आणि दहा वर्षे द्यावे.

आरती संपली तेव्हा मी त्या बाईंकडून एक द्रोण घेतला. माझ्या टिपणीची गोष्ट त्यांना सांगितली. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मंडल्याला जाणे झाले, तर तिथल्या आशाकडे पेटी भरलेली आहे का, तेवढे पाहा."

पुढील दौऱ्याच्या टिपणात तो मुद्दा मी पहिल्या क्रमांकावर लिहिला आहे.