खालाचंही नाव हवं

काचीगुडा, हैदराबाद
२ सप्टेंबर

प्रिय दादा,



आजीच्या स्मरणिकेसाठी तू लिहिलेला मजकूर मिळाला. रझाकारांच्या भीतीनं सोडलेलं घर, सरहद्दीवरचा कॅम्प, पुढे हैदराबादेत उभा केलेला संसार, सगळं मन लावून लिहिलंयस. फक्त एक वाक्य मला मान्य नाही. 'पोलीस ॲक्शन झाली आणि सगळे सुखरूप गावी परतले.' आजीनं ही गोष्ट मला कितीतरी वेळा सांगितली, पण अशी कधीच नाही.

तिचं सासर जळकोटजवळ, साळ्यांचं. सोलापूर-हैदराबाद सडक तिथून जवळच. शेजारी मोमिनांचं घर, तेही विणकरच. ताण्याला खळ द्यायची तर दोन्ही घरची माणसं रस्त्यात उतरायची. त्या घरातल्या बाईला आजी खाला म्हणायची. १९४८च्या उन्हाळ्यात कासिम रझवीच्या निझामनिष्ठ, सशस्त्र रझाकारांची दहशत इतकी वाढली की थोरल्यांनी बायकामुलं रातोरात सोलापूरकडे काढली. मे महिन्यात बीदरकडच्या गोर्ट्यात माणसं मारली गेली होती. ती बातमी गावोगाव पोचली होती. ही भीती खरी होती दादा, तिच्यातला एक शब्दही कमी करू नकोस. निघताना हंडे, घागरी, परात, सगळी भांडी आजीनं खालाच्या घरी ठेवली. सतरा-अठरा वर्षांची पोर ती, अंगावरच्या लुगड्यानिशी निघाली.

१३ सप्टेंबरला पोलीस ॲक्शनसाठी भारतीय फौज सोलापूरहून निघाली, नळदुर्गचा पूल घेऊन त्याच सडकेनं उमरग्याकडे सरकली. १७ तारखेला निझामानं हार मानली. कॅम्पात लोक नाचले, आजीही नाचली. हेही ठेव.

पण गावी परतल्यावर खालाचं घर उघडं पडलेलं होतं. माग मोडलेला, माणूस एक नाही. आतल्या खोलीत आपली भांडी मात्र ओळीनं मांडलेली, एकही कमी नाही. खाला कुठं गेली, हे गावात कुणी सांगेना. विचारलं की माणसं मान खाली घालून पुढं जायची. 'तिनं आमची भांडी राखली गं,' आजी म्हणायची, आणि पुढचं बोलायची नाही.

त्या वर्षाच्या अखेरीस पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती राज्यात फिरली. पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर निदान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, असा त्यांचा अंदाज. त्यात बहुतेक मुसलमान. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपलं उस्मानाबाद. बाकीचे गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. सरकारनं तो अहवाल कित्येक वर्षं प्रसिद्ध केला नाही. त्यातली एक नोंद मी आजीला वाचून दाखवायला हवी होती असं फार वाटतं: काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, त्यासाठी स्वतःचा जीवही दिला. आपल्या गावात तसं झालं नाही. पण कुठंतरी झालं, हे तिला कळायला हवं होतं.

तुला वाटेल, मी रझाकारांचे अपराध झाकतेय. अजिबात नाही. ज्या काचीगुड्यात आजी पुढे राहिली, त्याच भागात ऑगस्ट १९४८मध्ये 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला. मुसलमान असून रझाकारांविरुद्ध लिहिलं म्हणून. आजी त्यांचं नाव फार आदरानं घ्यायची. हैदराबादचा इतिहास हिंदू एकीकडे, मुसलमान दुसरीकडे असा नव्हताच, हे तिच्यासारख्या शाळा न पाहिलेल्या बाईला पक्कं ठाऊक होतं.

आपल्या घरचे माग गेले म्हणून आजोबा सुलतान बाजारात कापडाच्या दुकानात लागले आणि आजी या शहरात आली. बाजारात तेलुगू शिकली, वाड्यात दखनी. मुलांना विवेकवर्धिनी शाळेत घातलं, मराठी सुटू नये म्हणून. १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, हैदराबाद आंध्रात. माहेर-सासर दोन्ही दुसऱ्या राज्यात. परत चला म्हणणारे नातलग होते. ती गेली नाही. त्या गावात पुन्हा राहायचं नाही, हे तिनं आधीच ठरवलं होतं, आणि त्याचं कारण रझाकार नव्हते. तुझ्या लेखात हे कारणच नाही, त्यामुळे ती हैदराबादेत का राहिली ते वाचणाऱ्याला कळणारच नाही.

तेव्हा ते एक वाक्य काढ आणि वर लिहिलंय ते घाल. घरातल्या कुणाला आवडलं नाही तर माझं नाव सांग. आणि एक काम कर. तू १७ तारखेला झेंडावंदनासाठी उमरग्याला जाणारच आहेस, तर गावी जाऊन ये. आपल्या वाड्यामागं जे म्हातारे आहेत त्यांना विचार, खालाचं नाव काय होतं, तिच्या घरचं कुणी उरलंय का. छपाई चार दिवस लांबली तरी चालेल.

वहिनीला नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुझी,
ताई