महाडला जाताय? मुक्काम करा, आणि पूर्ण नावाने करा

फेब्रुवारी उजाडला की एकच प्रश्न सुरू होतो. "दादा, २० मार्चला महाडला राहायची सोय कुठे होईल? स्वस्तात पाहिजे, आणि जरा बरी." विचारणारे बहुतेक विशीतले असतात. कुणी मुंबईचे, कुणी परभणीचे, अलीकडे नागपूरच्या मुलीही विचारू लागल्या आहेत. प्रत्येकाला फोनवर वेगळे सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो. २० मार्च २०२७ ला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होतात. तेव्हा काय गर्दी उसळेल याचा अंदाज करा आणि सोयीचा विचार आत्तापासूनच करा.

पहिला मुद्दा असा की मुक्कामच करा. आपल्यातल्या अनेकांची सवय मला पटत नाही. रात्री गाडी भरायची, पहाटे महाडला उतरायचे, तळ्यावर अभिवादन, क्रांतिस्तंभावर अभिवादन, पुस्तकांच्या स्टॉलवर तासभर, दोन फोटो, आणि संध्याकाळी परत. ज्यांची रोजंदारी बुडते त्यांना मी काही म्हणणार नाही. ते येतात हेच मोठे आहे. पण ज्यांना शक्य आहे त्यांनी एक रात्र या गावात काढावी. तळे हे गर्दीत लांबून पाहायचे ठिकाण नाही. ते भर वस्तीत आहे, चारी बाजूंनी घरे आहेत. संध्याकाळी पायऱ्यांशी बसले, बाजारपेठेतून चालत वीरेश्वराच्या देवळापर्यंत गेले, की १९२७ चा सगळा नकाशा पायांना कळतो. पाणी कुठे प्यायले, देवळात घुसणार ही अफवा कुठल्या देवळाबद्दल उठवली, मंडपाकडे परतलेल्या लोकांवर काठ्या कुठून चालून आल्या. पुस्तकात वाचताना हे सगळे लांब लांब वाटते. प्रत्यक्षात ते एका छोट्या गावाच्या गल्ल्यांमध्ये घडले आहे.

आता राहायचे कुठे? प्रवासाच्या जाहिराती सांगतील की महाबळेश्वरला राहा, नाहीतर महामार्गावरच्या रिसॉर्टमध्ये. महाबळेश्वर आंबेनळी घाट चढून आहे. तिथे राहून महाड 'करणे' म्हणजे स्ट्रॉबेरीच्या सहलीला सत्याग्रहाची जोड देणे. पोलादपूरचा पर्याय मात्र खरा आहे. महाडपासून वीसेक किलोमीटर, एसटीची सोय, आणि कशेडी व आंबेनळी या दोन्ही घाटांच्या पायथ्याशी असल्याने ट्रकवाल्यांच्या आणि प्रवाशांच्या मुक्कामाची जुनी सवय. खोल्या साध्या असतात, रात्रभर हॉर्न ऐकू येतात, पण खिशाला परवडते. उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी पाहायची असेल तर तेच सोयीचे. २० मार्चला महाड भरले असेल तर पोलादपूर घ्या आणि सकाळची पहिली एसटी धरा. एरवी महाडच, आणि महाडातही तळ्यापासून चालत जाता येईल असेच ठिकाण.

खोली पाहताना मी कुठल्या गोष्टी बघतो तेही सांगतो. तळमजला शक्यतो नको. महाड सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या काठी आहे, आणि जुलै २०२१ च्या पुरात या गावाने काय सोसले ते स्थानिकांना विचारा. मार्चमध्ये पूर येत नाही, पण ओल येते. दाराची कडी आतून नीट लागते का, हे मुलींनी सामान टाकण्याआधी बघावे. पंखा, पाणी, न्हाणीघर वेगळे की सामाईक, एवढे पुरे. एसी शोधू नका, मार्चच्या कोकणात तो एसी तुमचे भाड्याचे पैसे आणि वरचे दीड हजार घेतो. घासाघीस जरूर करा, पण २० मार्चच्या आसपासचा भाव हा वेगळाच भाव असतो. त्याबद्दल कधीतरी स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

पण या सगळ्याच्या आधी एक प्रश्न आहे, जो प्रवासाच्या कुठल्याही माहितीपुस्तकात नसतो. खोली तुमच्या नावाने मिळते का?

बाबासाहेबांचा बडोद्याचा प्रसंग आपल्याला पाठ आहे, पण तो 'लॉज शोधणाऱ्या माणसाचा प्रसंग' म्हणून पुन्हा वाचा. १९१७ साल. कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकलेला माणूस बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी स्टेशनवर उतरतो आणि त्याच्यापुढचा पहिला प्रश्न असतो, राहायचे कुठे? हिंदूंच्या हॉटेलात जागा नाही. एका पारशी धर्मशाळेत खोली मिळते ती 'अदलजी सोराबजी' या नावाने, कारण रजिस्टरमध्ये पारशीच नाव लागते. रोजचा दीड रुपया भाडे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहतात. एक हिंदू मित्र म्हणतो, तू घरी आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणतो, बायकोला विचारावे लागेल. कमाठी बागेत संध्याकाळपर्यंत बसून बाबासाहेब रात्रीच्या गाडीने मुंबईला परततात. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हे सगळे भाड्याच्या रकमेसकट लिहून ठेवले आहे. माझ्या मते ती रक्कम मुद्दाम लिहिली आहे. पैसे रोखठोक होते. नाव चालत नव्हते.

त्यानंतर दहा वर्षांनी महाड. मार्चच्या परिषदेला पिण्याचे पाणी चाळीस रुपये मोजून विकत घ्यावे लागले. डिसेंबरच्या परिषदेला मंडपासाठी कुणी हिंदू जागा देईना, ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. मार्चमध्ये हल्ला झाला तेव्हा अनेक जखमींना आसरा मिळाला तोही मुसलमानांच्या घरांत. बाबासाहेब उतरले होते सरकारी डाक बंगल्यात. सत्याग्रहाच्या इतिहासात ठरावांची चर्चा भरपूर होते, पण एवढी माणसे झोपली कुठे, जेवली काय, याची फारशी होत नाही. आर. बी. मोरे यांच्यासारख्या तिथल्या कार्यकर्त्यांना मात्र हे आधीपासून कळले होते. महाडच्या बाजाराला येणाऱ्या आपल्या लोकांना घोटभर चहा-पाणी मिळेल अशी जागा हवी, यासाठी त्यांनी परिषदेच्या आधीच खटपट केली होती. चळवळ उभी राहायची तर आधी टेकायला जागा लागते.

आता तरुण मित्र म्हणतात, "दादा, तो काळ गेला. ॲपवर बुकिंग होते, कोण आडनाव बघतो?" ठीक आहे. ॲप बघत नाही. पण काउंटरवर आधार कार्ड बघतात आणि तुमच्या गळ्यातला निळा पंचाही बघतात. तीन वर्षांपूर्वी आम्ही चौघे एका लॉजवर गेलो. सकाळी फोन करून 'दोन खोल्या आहेत' असे वदवून घेतले होते. आम्हाला बघितल्यावर मॅनेजर म्हणाला, "साहेब, आत्ताच फुल झालं." आमच्यामागून रायगडला निघालेला एक ग्रुप आला, त्याला दोन चाव्या मिळाल्या. मी म्हणालो, खोली नाही असे लेखी द्या. तो मालकाला फोन करायला आत गेला. दहा मिनिटांनी खोली 'रिकामी झाली'.

आमच्यातला एक जण चिडला होता. म्हणाला, "ह्यांना एक रुपया द्यायचा नाही, चला." त्याचा संताप खरा होता, पण मी खोली घेतली आणि आजही घेईन. तळ्याच्या काठावरच्यांना आपला राग आहे म्हणून बाबासाहेब महाडहून परत फिरले नव्हते. पाणी गोड आहे म्हणूनही ते गेले नव्हते. सार्वजनिक जागा ही सार्वजनिकच आहे हे वापरून सिद्ध करायचे असते. ५ जानेवारी १९२४ ला महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला, आणि तरी तीन वर्षे त्या तळ्यातून कुणी ओंजळ भरू शकले नाही. कागदावर आपल्याकडेही सगळे आहे. संविधानाचे कलम १५ हॉटेलांचे नाव घेऊन बोलते, १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा धर्मशाळा आणि मुसाफिरखान्यापर्यंत जातो. कागद वापरल्याशिवाय चालत नाही. म्हणून 'फक्त पहिले नाव सांगा, आडनाव टाळा' असा सल्ला देणाऱ्यांशी माझे भांडण आहे. अदलजी सोराबजी व्हावे लागले ही बाबासाहेबांची अगतिकता होती. ती आपण हौसेने का पांघरायची?

दुसरा मार्ग बौद्धवाडीत नातेवाइकांकडे किंवा ओळखीवर उतरण्याचा. महाड-पोलादपूरच्या वाड्यांसारखा पाहुणचार कुठे नाही, मी तो भरपूर खाल्ला आहे. पण तीस माणसांच्या भाकऱ्या कोण भाजते? पहाटे पाणी कोण भरते? तिथल्या आया-बहिणी. त्यांना त्या दिवशी तळ्यावर यायला सवड मिळत नाही. वाडीत उतरायचेच असेल तर शिधा घेऊन जा, पैसे द्या, आणि भांडी स्वतः घासा. नाहीतर लॉज बरे.

राहिलात तर दुसऱ्या दिवशी गंधारपालेची लेणी बघा. गावाजवळच, महामार्गालगत डोंगरात. भिक्खूंच्या खोल्या, कोपऱ्यात झोपायचे दगडी ओटे. या मुलखातली सर्वांत जुनी मुक्कामाची जागा हीच असावी. पावसाळ्याचे महिने एका जागी राहून काढणाऱ्यांसाठी खोदलेली, आणि कोकणचा पाऊस पाहिला की ती इतकी पक्की का खोदली तेही समजते. गर्दी टाळायची असेल तर मार्च-डिसेंबर सोडून जानेवारीत या. भाव उतरलेले असतात, तळ्यावर निवांत बसता येते.

आणि रजिस्टर. बऱ्याच लॉजवर अजून लांब रेघांची वही असते. नाव, गाव, कुठून आलात, येण्याचे कारण. बहुतेक लोक कारणाच्या रकान्यात 'खासगी' लिहितात. आम्ही चौघांनीही त्या दिवशी पूर्ण नावे लिहिली आणि कारण लिहिले, 'चवदार तळे'. मॅनेजरने वही फिरवून वाचले, चाव्या पुढे सरकवल्या आणि सांगितले की गरम पाणी सकाळी सहा ते आठच मिळेल.