तारीख पाळणारं कार्यालय

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण ज्यांची पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

६ मे २०२५ ला दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्या. अख्खं राज्य मंत्रिमंडळ आपल्या जामखेड तालुक्यात, चौंडीला बैठकीसाठी आलं. अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीचं वर्ष, त्यामुळे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले. त्याच दिवशी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने राज्य निवडणूक आयोगाला सांगितलं, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांची अधिसूचना चार आठवड्यांत काढा आणि शक्यतो चार महिन्यांत निवडणुका उरका. आमच्या पारावर या बातमीवर कुणी बोललं नाही. मला विचाराल तर आपल्या रोजच्या जगण्याशी जास्त संबंध हिचा आहे.

हिशेब बघा. आपल्या जिल्हा परिषदेवर आणि चौदाही पंचायत समित्यांवर मार्च २०२२ मध्ये प्रशासक आला. नगरच्या महापालिकेवर डिसेंबर २०२३ मध्ये. २०१७ ला निवडलेले जिल्हा परिषदेचे ७३ सदस्य, २०१८ ला निवडलेले ६८ नगरसेवक, सगळे 'माजी' झाले. मे २०२५ पर्यंत नवे कुणी आलेच नव्हते.

प्रशासक म्हणजे वाईट माणूस असं मला म्हणायचं नाही. पण फरक असा पडतो. आमच्याकडच्या शाळेच्या एका खोलीचा पत्रा दोन पावसाळे गळतोय. पूर्वी गटाचा सदस्य लग्नात, दशक्रियेला, बाजाराच्या दिवशी कुठे ना कुठे सापडायचा. टाळाटाळ करायचा, पण पाच वर्षांनी पुन्हा दारात यायचंय हे त्याला माहीत असायचं. आता अर्ज घेऊन एका कचेरीत गेलं की कळतं, आधीचे साहेब बदलून गेले, नवीन साहेबांनी कालच चार्ज घेतलाय. २०१७ च्या ऑगस्टमध्ये निंबोडीच्या शाळेचं छत कोसळून तीन लेकरं गेली, ते आपण विसरलेलो नाही. अशा वेळी सभागृहात उभं राहून जाब विचारणारा माणूस लागतो. तो माणूस मे २०२५ पर्यंतची तीन वर्षं आपल्याकडे नव्हता.

ही निवडणूक घ्यायची कुणी? इथे बहुतेकांची गल्लत होते. मी शिक्षक, निवडणुकीच्या ड्युट्या भरपूर केल्या. केंद्रावर लोक हमखास विचारतात, "गुरुजी, हे दिल्लीवाल्यांचंच ना?" नाही. लोकसभा-विधानसभा घेतो तो भारत निवडणूक आयोग. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतच्या निवडणुका घेतो राज्य निवडणूक आयोग. त्याचं कार्यालय मुंबईत मंत्रालयासमोर आहे. गंमत म्हणजे मतदार यादी विधानसभेचीच असते, हा आयोग ती फक्त प्रभागवार फोडतो. म्हणून गावच्या निवडणुकीत नाव सापडलं नाही की मतदार याच्यावर चिडतो, पण नाव घालायचा-काढायचा अधिकार याच्याकडे नसतो.

हा आयोग का निर्माण झाला ते आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. राज्यात जिल्हा परिषदा १९६२ ला आल्या. निवडणुका १९६२, १९६७, १९७२ ला वेळेवर झाल्या. मग १९७९. आणि त्यानंतर थेट १९९२! तेरा वर्षं. तारीख सरकारच्या हातात होती आणि सरकारला सोयीची तारीख सापडत नव्हती. हा खेळ देशभर चालायचा. म्हणून १९९३ मध्ये ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली, पाच वर्षांची मुदत घटनेतच लिहिली गेली आणि राज्याराज्यांत स्वतंत्र आयोग आले. महाराष्ट्राचा १९९४ ला आला. मग १९९७, २००२, २००७, २०१२, २०१७ अशा जिल्हा परिषदेच्या निवडणुका घड्याळ लावल्यासारख्या झाल्या. या कार्यालयाची खरी कमाई हीच, तारीख पाळली.

अमेरिकेत बहुतेक राज्यांत 'सेक्रेटरी ऑफ स्टेट' नावाचं पद असतं. नाव ऐकून आपल्याला परराष्ट्रमंत्री आठवतो, तो वॉशिंग्टनमधला. राज्यातला हा वेगळा. कंपन्यांची नोंदणी, राज्याची मोहोर, सरकारी दप्तर आणि बऱ्याच ठिकाणी निवडणुकाही त्याच्याकडे. जानेवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांनी जॉर्जियाच्या ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांना फोन करून ११,७८० मतं शोधायला सांगितलं, ते हेच पद. रॅफेन्सपर्गर त्यांच्याच पक्षाचे, तरी बधले नाहीत. तिथे हा माणूस बहुधा पक्षाच्या तिकिटावर निवडून येतो. आपल्याकडे आयुक्ताची नेमणूक राज्यपाल करतात आणि त्याला काढायचं तर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढण्याची जी पद्धत, तीच. म्हणजे कागदावर आपली खुर्ची जास्त भक्कम आहे.

खुर्चीने ताकद दाखवलेलीही आहे. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीआधी नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात सरपंचपदाचा लिलाव झाला, बोली दोन कोटींच्या वर गेली. नंदुरबारच्या खोंडामळीतही तसंच. आयोगाने दोन्ही गावांची निवडणूकच रद्द केली. त्याच महिन्यात आपल्या हिवरे बाजारला तीसेक वर्षांची बिनविरोधाची परंपरा मोडून मतदान झालं. पोपटरावांच्या पॅनेलने सगळ्या जागा जिंकल्या, गाव होतं तिथंच आहे. बिनविरोध चांगलंच, पण ते मनाने व्हावं. पैशाने झालं तर गरिबाचं मत न विचारता विकलं जातं.

आणि खुर्चीला किंमतही मोजावी लागलीय. २००८ मध्ये तेव्हाचे आयुक्त नंदलाल विशेषाधिकार समितीपुढे हजर राहिले नाहीत, आपलं पद घटनात्मक आहे ही त्यांची भूमिका होती. विधानसभेने हक्कभंगासाठी त्यांना दोन दिवसांची कैद सुनावली. निवडणूक आयुक्त तुरुंगात! मार्च २०२२ मध्ये ओबीसी आरक्षणाचा पेच चालू असताना विधिमंडळाने कायदा करून प्रभाग पाडण्याचं काम आयोगाकडून सरकारकडे घेतलं. एकमताने, सगळे पक्ष एका बाजूला. पुढे सगळं कोर्टात अडकलं. ओबीसी बांधवांच्या जागा जाऊ नयेत ही मागणी रास्तच होती. पण आरक्षण टिकवायचं आणि निवडणूकही वेळेवर घ्यायची, ही दोन्ही कामं सरकारचीच होती.

या आयोगाकडे स्वतःची फौज नाही. जिल्ह्यात त्याचे हात म्हणजे जिल्हाधिकारी, तहसीलदार आणि आमच्यासारखे मास्तर. सरकारने माणसं द्यायची, पैसे द्यायचे, प्रभाग पाडून द्यायचे, मग आयोगाने तारीख जाहीर करायची. एवढ्या ठिकाणी दोरी दुसऱ्याच्या हातात असल्यावर नुसता भक्कम कागद पुरत नाही. मागे लोक लागतात.

मे २०२५ मध्ये चार महिन्यांचा शब्द दिल्लीहून आला. गट-गणांची प्रारूप रचना लागते तेव्हा ती वाचा, आपलं गाव कुठे जोडलंय बघा, पटलं नाही तर मुदतीत लेखी हरकत द्या. यादीत नाव आजच तपासा, नसेल तर फॉर्म आत्ताच भरा. ऐनवेळी केंद्रावर मास्तरशी भांडून उपयोग नाही. आणि मत मागायला कोणत्याही पक्षाचा माणूस आला तर त्याला कामाआधी एक विचारा, तीन वर्षं निवडणूक नव्हती तेव्हा तुम्ही तारीख मागायला कुठे गेला होतात?