त्वचेचे दोन प्रश्न

१/ आजचा भाग थोडा व्यक्तिगत आहे. लहानपणी माझ्या हातांना इसब झाले. डॉक्टरांनी मलम दिले. आजीने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली आणि शेजारच्या काकूंचे नाव घेतले. मी त्यांच्याशी बोलणे टाकले.

२/ दक्षिण आफ्रिकेच्या उत्तरेस, झाउटपान्सबर्गच्या डोंगररांगेत व्हेंडा लोक राहतात. त्यांच्या परंपरेतही हट्टी आजाराला दोन प्रश्न विचारले जातात. त्वचेचा विकार त्याला अपवाद नाही. उपाय काय? तो ‘नांगा’ हा वैद्य मुळ्या, साली आणि पाल्यातून देतो. ‘मुसेतो’ या सरपटत्या वनस्पतीचा पाला पाण्यात चोळला की पाणी बुळबुळीत होते. ते साबणासारखे वापरतात. कारण काय? ते ‘मुंगोमे’ हा दैवज्ञ फासे टाकून सांगतो: पूर्वजांचा रोष, नाहीतर कुणा ‘मुलोई’ची, म्हणजे चेटक्याची, करणी.

३/ पूर्वज रुसले असतील तर अर्पणाने भागते. करणी ठरली तर माणूस शोधला जातो. अशा आरोपांवरून त्या प्रांतात इतका हिंसाचार झाला की १९९५ साली रालुशाई यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमावा लागला.

४/ माझे इसब कधीच बरे झाले. काकूंची क्षमा मागायची मात्र राहून गेली.